सरांनी जुनी विंडोज टाकली त्या दिवशी

जिंतूरच्या कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, त्या सकाळी ग्रंथालयाचं कुलूप आधीच काढलेलं होतं. आत शिरले तर दिवे बंद, खिडक्या बंद, आणि कोपऱ्यातून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तडतड आवाज. काहीतरी यंत्र बिघडलंय असं वाटून मी भिंत चाचपत बटण शोधलं. उजेड झाला, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी एक गृहस्थ ताठ बसलेले, दोन्ही हात कीबोर्डवर. समोर मॉनिटर नव्हता. तो खाली फरशीवर भिंतीकडे तोंड करून ठेवला होता आणि त्याच्या जागी जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली होती.

"बंद करा," ते म्हणाले.

मला वाटलं, त्या आवाजाबद्दल बोलतायत. मी म्हटलं, मला तो कसा बंद करायचा माहीत नाही.

"दिवा बंद करा. खामखा जळतोय."

मी दिवा बंद केला आणि अंधारात तशीच उभी राहिले. तडतड पुन्हा सुरू झाली. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की हे गृहस्थ आंधळे आहेत, आणि तो आवाज म्हणजे कॉम्प्युटर त्यांना काहीतरी वाचून दाखवतोय.

ते आमचे इतिहासाचे सर. जन्मापासून आंधळे. कोणी 'दृष्टिहीन' म्हटलं, 'दिव्यांग' म्हटलं की ते मधेच तोडायचे. म्हणायचे, आंधळा म्हणा, जल्दी म्हणून होतं. पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्यासोबत त्या खोलीत बसले, पण त्यांच्याबद्दल आठवायला लागलं की मला दर वेळी धक्केच आठवतात. हा माणूस सवयीचा म्हणून कधी झालाच नाही.

त्या तडतडीचंच घ्या. एकदा मी विचारलं, सर, हे तुम्हाला खरंच कळतं का. त्यांनी कुठलीतरी कळ दाबून वेग कमी करत आणला, आणि गारांमधून हळूहळू शब्द बाहेर पडायला लागले. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, हिंदी वळणाचा. मराठीतला 'ळ' त्याला धड जमत नव्हता. सर म्हणाले, तुमचे डोळे ओळीवरून कसे पळतात, तसा माझा कान पळतो. डोळ्यांना कोणी म्हणतं का, एकेक अक्षर गोड करून वाच म्हणून? मग त्यांनी वेग पुन्हा वाढवला आणि दहा-बारा पानांचा एक लेख माझ्या चहाच्या आत संपवून त्यातल्या दोन चुका मला सांगितल्या.

वर्गात ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचे आणि वर्गाबाहेर पाय पडला की चारठाण्याची बोली. चारठाणा त्यांचं गाव. तिथे त्यांची बायको शेती बघायची, आणि सर जिंतूरला एक खोली घेऊन राहायचे; शनिवारी एसटीनं गावी, सोमवारी परत. एसटीत त्यांना जागा द्यायला कोणी उठलं तर बसायचे नाहीत. पाय चांगले आहेत माझे, म्हणायचे. पण जागा रिकामी असेल आणि शेजारच्यानं सांगितलं नाही, तर त्याला उतरेपर्यंत बोलणी बसायची.

वर्गात त्यांचा एक खाक्या होता. पोरगं उठून काहीही बोललं, समजा म्हणालं की निजामाच्या काळात लोक फार त्रासात होते, तर सर विचारायचे, तुला कोणी सांगितलं? पोरगं म्हणायचं, पुस्तकात आहे. सर विचारायचे, पुस्तकाला कोणी सांगितलं? इथे पोरगं पुस्तकाची पानं उलटायला लागायचं. मग सर म्हणायचे, घरी जा, आजोबांना विचार, नसतील तर शेजारच्या म्हाताऱ्याला विचार, आणि त्यांनाही विचार की तुम्ही स्वतः बघितलं की ऐकलं. बघितलेलं वेगळं लिही, ऐकलेलं वेगळं लिही. त्या एका प्रश्नापायी पोरं त्यांना टरकून असायची. काही पोरांनी विषय बदलला. जी राहिली, ती पुढे कुठेही गेली तरी सरांना फोन करत राहिली.

सत्कार ही दुसरी गोष्ट. आंधळा प्राध्यापक म्हटलं की लोकांना सत्कार करायची घाई होते. एका कार्यक्रमात पाहुण्यांनी शाल, नारळ आणि एक चौकट त्यांच्या हातात दिली. सरांनी चौकटीवरून बोट फिरवलं, काच लागली. त्यांनी माईकसमोरच पाहुण्यांना विचारलं, हे काय आहे. पाहुणे म्हणाले, फोटोफ्रेम आहे, आठवण म्हणून. सर म्हणाले, छान आहे, यात तुमचाच फोटो लावा आणि तुमच्याच घरी ठेवा, मला आठवण राहील. सभागृह हसावं की नाही या विचारात अडकलं. मी पहिल्या रांगेत होते. पाहुण्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

एवढं सगळं असून कॉलेजात सरांचा मान मोठा होता, आणि त्याचं कारण त्यांचं पुस्तक. चारठाण्याच्या जुन्या देवळांवर ते कित्येक वर्षं लिहीत होते. लहानपणापासून त्या खांबांना हात लावत ते वाढले. आंधळा माणूस स्पर्शातून शिल्पांचा इतिहास लिहितोय, ही गोष्ट आमचे प्राचार्य कॉलेजात आलेल्या प्रत्येकाला सांगायचे. प्राचार्य भला माणूस. त्यांनी एकदा फरशीवरचा मॉनिटर वर घेऊन एक प्रकरण स्वतः वाचलं होतं. वाचताना त्यांना भरून आलं, आणि तेव्हापासून त्यांनी मनाशी धरलं होतं की हे पुस्तक आपल्या कॉलेजच्या वर्धापनदिनाला निघालं पाहिजे. कार्यक्रम ठरला. पाहुणे ठरले. पुस्तकाचं फक्त शेवटचं प्रकरण बाकी होतं.

आणि प्राचार्यांना वाटलं, सरांचं काम लवकर व्हावं म्हणून आपण काहीतरी करावं.

त्या वर्षी कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले होते. परभणीहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्यानं ते बसवले. जाता जाता प्राचार्यांनी त्याला ग्रंथालयात पाठवलं. म्हणाले, सरांची मशीन जुनी झालीय, तीही नवी करून दे. सर शनिवारी गावी गेलेले. कॉम्प्युटरवाल्यानं मशीनमध्ये मेमरी वाढवली, जुनी विंडोज एक्सपी काढून नवी विंडोज टाकली, सरांच्या फायली जिथल्या तिथे ठेवल्या आणि फरशीवरचा मॉनिटर पुसून टेबलावर मांडला. डबा ठेवायची जागा गेली.

सोमवारी सर आले, बसले, बटण दाबलं. मशीन सुरू झाल्याची घरघर झाली. त्यांनी नेहमीच्या कळा दाबल्या. काही नाही. पुन्हा दाबल्या. मग त्यांचा हात पुढे गेला आणि मॉनिटरला आपटला.

"मॅडम," ते म्हणाले, "हे कोण करून गेलंय?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात मांडीवर ठेवले. त्या माणसाला मी चिडलेलं, खेकसलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण असं हात मांडीवर ठेवून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. एखाद्याच्या घरातलं सगळं सामान कोणीतरी न विचारता हलवून ठेवावं आणि त्यानं दारातच उभं राहावं, तसं ते दिसलं.

कॉम्प्युटरवाल्याला परत बोलावलं. त्याच दुपारी तो आला, आणि सरांचं ते वाचून दाखवणारं जुनं सॉफ्टवेअर टाकायला गेला. ते नव्या विंडोजवर चालेना. बनवणाऱ्यांनीच ते कधीचं बंद केलं होतं. पण तो म्हणाला, सर, काळजी करू नका, यात नवा आवाज आहे, बाईचा, एकदम माणसासारखा, तुमचा जुना डबडा आवाज विसरून जाल. मी आणि प्राचार्य दोघंही तिथेच उभे होतो. आवाज ऐकवायचा म्हणून कॉम्प्युटरवाल्यानं समोर दिसली ती फाइल उघडली. ती सरांच्या पुस्तकाची होती.

नवा आवाज खरोखर गोड होता. थांबे घेत, चढउतार करत ती बाई सरांचं प्रकरण वाचायला लागली. संध्याकाळच्या उन्हात शिखराचे दगड तांब्यासारखे कसे तापतात, सावल्या खांबाखांबांतून कशा सरकत जातात, वरच्या पट्टीतल्या नर्तकी त्या उजेडात जिवंत झाल्यासारख्या कशा वाटतात. मी तो मजकूर पहिल्यांदाच ऐकत होते. अंगावर काटा आला. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

सर मान खाली घालून ऐकत होते. कॉम्प्युटरवाल्यानं बंद करायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, राहू द्या. प्रकरण संपेपर्यंत त्यांनी ऐकलं. मग उठले, काठी घेतली आणि कोणाशी न बोलता निघून गेले. प्राचार्य हळू आवाजात मला म्हणाले, सरांना आज स्वतःचं लेखन खऱ्या अर्थानं ऐकायला मिळालं. मलाही तसंच वाटलं.

पुढचे काही दिवस सर ग्रंथालयात यायचे आणि मशीन न लावता बसून राहायचे. प्राचार्य शेवटच्या प्रकरणाचं विचारायचे. सर म्हणायचे, त्या आवाजात मला काम जमत नाही, तो वेग वाढवला की लोण्यासारखा वितळतो, शब्दाला शब्द चिकटतो. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, मागे जाणं आता परवडणार नाही, सरांना म्हणावं सवय होईल. एके दिवशी सरांनी माझ्याकडे पेन ड्राइव्ह मागितला. पुस्तकाची एक प्रत मी त्यावर घेऊन कपाटात ठेवलेली असायची. थोडी दुरुस्ती करायचीय, म्हणाले. मी दिला.

त्या आठवड्यात सर गावी गेले नाहीत, आणि रविवारी सकाळी त्यांनी मला यायला सांगितलं. मी बोरीला राहायचे, तिथून पहिल्या गाडीनं आले. सर दारातच उभे होते, पिशवीत जुन्या सीड्या घेऊन. म्हणाले, आज आपण मशीन मागं नेणार आहोत. जुनी विंडोज टाकणार. मी विचारलं, कोण टाकणार?

"मी. दुसरं कोण हाय इथं?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हटलं, सर, टाकताना तर आवाज नसतो ना. काय विचारतंय ते तुम्हाला कळणार कसं? ते म्हणाले, ते काय विचारतं आणि कधी विचारतं हे मला पाठ आहे, ही मशीन पहिल्यांदा आली तेव्हाही मीच टाकली होती, एका मित्रानं फोनवर शिकवलं होतं. तुम्ही फक्त बसा. मी विचारल्याशिवाय पडद्यावरचं काही सांगू नका, माझा हिशेब चुकतो.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. सरांनी सीडी आत सरकवली आणि डावा तळहात कॅबिनेटवर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. सीडी फिरायला लागली. ते ऐकत होते. एका क्षणी त्यांनी कळ दाबली, आणि मी पाहिलं तर पडद्यावर नेमका तोच प्रश्न होता. पडदा निळा झाला, पांढरी अक्षरं आली. सर थांबले, हाताखालची थरथर बदलली तशी पुढची कळ दाबली. अटी मान्य केल्या. एकही चूक नाही. मी पडद्याकडे बघायचे, मग त्यांच्या बोटांकडे. बंद डोळ्यांनी कोणी भरल्या रस्त्यावरून सायकल चालवत नेतंय आणि आपण मागच्या सीटवर बसलोय, अशी माझी अवस्था होती.

मग डिस्कच्या भागांची यादी आली. वर सी, त्याखाली डी. सीमध्ये विंडोज असते आणि डीमध्ये सरांचं सगळं लिखाण होतं, हे मला माहीत होतं. सरांनी सी पुसला. ते बरोबरच होतं, तिथेच जुनी विंडोज बसवायची होती. मग त्यांनी खालच्या बाणाची कळ दाबली. पट्टी डीवर आली. त्यांनी पुसायची कळ दाबली. पडद्यावर खात्री करणारा प्रश्न आला.

त्यांनी बोलू नका म्हटलेलं होतं, तरी मी बोलले. सर, थांबा, ही डी आहे, यात तुमचं पुस्तक आहे.

"मालूम हाय," सर म्हणाले, आणि त्यांनी कळ दाबली.

यादीतली ओळ गेली. तिथे फक्त रिकामी जागा असं लिहून आलं.

मी पेन ड्राइव्हचं विचारलं. ते म्हणाले, त्यातलंही काल काढलं. मी विचारलं, दुसरीकडे कुठे? कुठेच न्हाई, म्हणाले. मी का म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, आता कॉपी चालू होईल, जरा गप बसा. आणि खरंच फायली कॉपी व्हायला लागल्या. ते पुन्हा तळहात ठेवून ऐकत बसले, आणि मी शेजारी बसून त्या माणसाकडे बघत राहिले. कित्येक वर्षांचं काम एका कळेनं गेलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर सुरकुती हलली नव्हती. मला त्यांची भीती वाटली, खरं सांगते.

पुढे एका ठिकाणी ते अडले. काय दिसतंय ते त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. त्यांनी एक पायरी गाळली होती. मागे जाऊन त्यांनी ती केली. दुपार कलायच्या सुमारास दुसऱ्या सीडीतून जुनं सॉफ्टवेअर बसलं, आणि खोलीत एकदम पत्र्यावर गारा पडायला लागल्या. सरांनी मान मागे टाकली. चेहरा सैल झाला. त्यांनी मॉनिटरची वायर काढली, तो उचलून फरशीवर ठेवला आणि डबा उघडून मला भाकरी दिली. मी ती हातातच धरून बसले.

सोमवारी प्राचार्यांना कळलं. मीच सांगितलं की पुस्तक राहिलं नाही. तेवढंच मला सांगवलं. त्यांनी खुर्चीचा हात धरला. आंधळ्या माणसाला एकट्याला हे करू कसं दिलं, असं ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्याच मनानं ठरवून टाकलं की चुकून पुसलं गेलं. दोन दिवसांत ते सगळीकडे झालं. कॉम्प्युटरवाला परभणीहून धावत आला, काही परत मिळतं का बघू म्हणाला. सरांनी त्याला मशीनला हात लावू दिला नाही. लोक येऊन सरांच्या खांद्यावर हात ठेवायला लागले. कोणी म्हणायचं, देवानं किती परीक्षा बघावी. सर एकालाही उत्तर देत नव्हते. पण दर हाताला त्यांचा खांदा थोडा आखडायचा, ते मी बघत होते.

कार्यक्रम रद्द करायला उशीर झाला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. प्राचार्यांनी ठरवलं, पुस्तक नाही तर सरांचा सत्कार करू. वर्धापनदिनी सभागृह भरलं. सरांची बायको चारठाण्याहून आली होती, ती माझ्या शेजारी बसली. प्राचार्य बोलायला उभे राहिले. संगणकातल्या दुर्दैवी बिघाडामुळे एका थोर ग्रंथाला आपण मुकलो, असं ते म्हणाले. बायका पदरानं डोळे टिपायला लागल्या. पाहुण्यांनी शाल उघडली.

सर उठले, काठीनं अंदाज घेत माईकपाशी आले आणि शाल अंगावर येण्याआधीच बोलायला लागले. व्यासपीठावर ते नेहमी शुद्ध बोलायचे. त्या दिवशी बोलले नाहीत.

"सायबांनी सांगितलं, बिघाड झाला. बिघाड न्हाई झाला. चूकबी न्हाई झाली. ते पुस्तक मी पुसलं, कळून पुसलं."

पाहुण्यांचे शाल धरलेले हात खाली आले.

"चारठाण्याचा खांब माझ्या हाताला लागतो इथपर्यंत." त्यांनी हात वर करून दाखवला. "त्याच्यावरचं मला कधीच लागलं न्हाई. मी वरचंबी लिहिलं. शिखर लिहिलं, ऊन लिहिलं, तांब्याचा रंग लिहिला. मी जन्मापासून ऊन बघितलं न्हाई. दुसऱ्यांच्या पुस्तकातून घेतलं आन् माझ्या हाताच्या नावावर खपवलं. वर्गात पोरांना विचारत होतो, तुला कोणी सांगितलं म्हणून. मला विचारणारं कोणी नव्हतं. माझी मशीन इतकी जल्दी वाचती की त्यातलं खोटं मलाबी ऐकू आलं न्हाई. त्या दिवशी त्या नव्या बाईनं हळू वाचलं, तवा आलं."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, तुम्ही रडला असता ते वाचून, आणि ते रडणं मला पचलं नसतं. एवढं बोलून ते वळले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

टाळी कोणी वाजवली नाही. पाहुणे शाल हातात धरून उभेच. प्राचार्य खाली बघत होते. मागच्या रांगेतून कोणीतरी, फसवलं की हो, असं म्हणाल्याचं मी ऐकलं. त्या रविवारी माझ्यासमोर जे घडलं त्याचा अर्थ मला आत्ता लागत होता, आणि तो लागूनही मला पटत नव्हतं की कोणी स्वतःला असं करू शकतं. मी सरांच्या बायकोकडे बघितलं. तिला आधी माहीत होतं का, मी विचारलं. ती म्हणाली, मला न्हाई सांगितलं, पण गेल्या शनिवारी घरी आले ते लई दिवसांनी नीट जेवले, तवाच म्हटलं काहीतरी झालंय.

नंतरचे महिने वाईट गेले. काही जणांनी सरांशी बोलणं सोडलं. कोणी म्हणालं ढोंगी, कोणी म्हणालं घमेंड. जे खांद्यावर हात ठेवत होते ते आता दुरून जात, आणि सर म्हणायचे, आता कसं मोकळं वाटायलंय. पण ते तितकं खरं नव्हतं. चपलांच्या आवाजावरून ते माणूस ओळखायचे, आणि एखादी ओळखीची चप्पल दारापर्यंत येऊन परत फिरली की त्यांचे हात कीबोर्डवर थांबायचे.

प्राचार्यांची चप्पल सगळ्यात उशिरा आली. ते आले, सरांच्या समोर बसले. मग त्यांनी विचारलं, "सगळंच खोटं होतं का हो?"

"खालचं खरं होतं," सर म्हणाले.

"मग खालचं तरी ठेवायचं होतं."

"दोन्ही एकात एक मिसळलं होतं, सायेब. निवडाय बसलो होतो. निवडता आलं न्हाई."

प्राचार्य उठले. जाताना त्यांनी सरांच्या बाटलीत पाणी आहे का ते बघितलं आणि नव्हतं म्हणून स्वतः भरून आणून ठेवली. पुढे मात्र ते रोज यायला लागले.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी सरांनी मला चारठाण्याला बोलावलं. त्यांच्या बायकोनं जेवायला घातलं, मग आम्ही देवळाकडे गेलो. सर पुन्हा लिहीत होते, पण कोणालाच सांगत नव्हते, आणि लिहिलेलं इतकं थोडं होतं की सांगण्यासारखंही नव्हतं. मी आत शिरले आणि सवयीनं वर बघितलं. छताचं कोरीवकाम असं होतं की माझ्या तोंडून शब्द निघणारच होता.

"वरचं सांगू नका," सर म्हणाले. "बघायचं तर बघा, तुमचं हाय ते."

ते एका खांबाशी उकिडवे बसले आणि खालचा भाग दोन्ही हातांनी चाचपायला लागले, अगदी फरशीला लागून, खांबाच्या मागच्या अंगाला, जिथे बघायचं तर झोपावं लागेल. मी छत बघत फिरत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. माझं बोट धरून त्यांनी त्या मागच्या अंगाला नेलं. एक फूल होतं. पाकळ्या गुळगुळीत, कडा धारदार. बोट फिरत गेलं आणि मधेच पाकळी संपली. पुढे नुसता दगड, छिन्नीचे खडबडीत ओरखडे आणि मग काहीच नाही.

माझं बोट तिथेच थांबलं. कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी काम करता करता उठून गेला होता, आणि ती जागा माझ्या बोटाखाली होती. मी विचारलं, सर, का सोडलं असेल? आजारी पडला असेल, पैसे मिळाले नसतील, लढाई आली असेल? मी एकामागून एक सुचवत गेले. सर ऐकत होते.

त्या देवळावरचं सरांचं नवं टिपण मी पुढे वाचलं. अगदी छोटं आहे. त्या खांबाबद्दल त्यात दोनच वाक्यं आहेत. मागच्या बाजूला, जमिनीलगत, एक फूल अर्धं कोरून सोडलेलं आहे. का सोडलं, ते मला माहीत नाही.